निघून जायची मोकळीक

जबलपूरच्या गोहलपूरहून कुठल्याही दिशेला निघालं तरी साडेसहाशे किलोमीटरच्या आत समुद्र लागत नाही. तरीही नावेत बसून समुद्रपक्षी बघणं म्हणजे काय, हे इथल्या एखाद्या शाळकरी पोराला विचारलं तर ते अडखळणार नाही. थंडीच्या दिवसांत शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, ग्वारीघाटावर जायचं, नाव ठरवायची, शेवेचं पाकीट घ्यायचं आणि नर्मदेच्या मध्यावर मूठ उघडायची. पांढरी पाखरं कर्कश ओरडत नावेवर तुटून पडतात. लोक त्यांना सरसकट ‘सायबेरियन’ म्हणतात. मराठी पुस्तकांत ते कुरव. त्यातला तपकिरी डोक्याचा कुरव सायबेरियाचा नव्हेच, तो लडाख-तिबेटकडच्या उंच तळ्यांकाठी अंडी घालतो. शिवाय इथे येतो तेव्हा त्याचं डोकं तपकिरी नसतं. पांढऱ्या डोक्यावर कानाशी काजळाचं बोट पुसल्यासारखा एक डाग तेवढा उरतो. काळ्या डोक्याचा कुरवही हिवाळ्यात तसाच दिसतो, त्यामुळे ओळख पटवायची तर डोळा बघावा लागतो: तपकिरी डोक्याच्या कुरवाचा फिकट, काळ्या डोक्याच्या कुरवाचा गडद. शेव फेकणाऱ्याला एवढी उसंत नसते. शेव झेलणाऱ्याला तर नसतेच.

ग्वारीघाटावर शेवेच्या पाकिटावर जे चालतं तेच कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर आता दुर्बीण, गाइड आणि जाकीट घालून चालू लागलं आहे. खाडीत, बंदराबाहेर किंवा थेट खोल पाण्यात बोट न्यायची आणि पर्यटकांना पक्षी दाखवायचे. हे वाढावं की थांबावं, यावर दोन टोकांची मतं आहेत. ती मांडण्यासाठी मी दोन माणसं कल्पिली आहेत. एक गोहलपूरचे मामा, गन कॅरेज फॅक्टरीतून निवृत्त, घाटाच्या पायरीवर बसून पाखरं बघणारे. दुसरी त्यांची कुडाळची भाची, जिला येत्या हंगामात अशीच एक बोट सुरू करायची आहे. माणसं कल्पित असली तरी वाद कल्पित नाही, आणि मी त्यात तटस्थ राहणार नाही.

“अगं, पाखरू बघायला त्याच्या मागं लागावं लागतं हेच मला पटत नाही,” मामा म्हणतात. “पायरीवर तासभर गप्प बसलं की टिटवी, धोबी, खंड्या, पाणकावळा, सगळे आपणहून येतात. नाव केली की घड्याळ सुरू होतं, डिझेल जळतं, गिऱ्हाइकाचे पैसे वसूल व्हावे लागतात. मग नाव पाखरामागं पळते. तुमच्याकडे डॉल्फिनचं काय झालं ते बघ. ‘दिसला नाही तर पैसे देऊ नका’ म्हणून माणसं भरायची आणि एका कळपाभोवती पाच-सहा इंजिनं घरघरवायची. डॉल्फिन झाले, आता पाखरांची पाळी. एवढं करून हाती काय लागणार, तर फोटो. त्यातून पाखराला काय मिळालं ते मला सांग.”

मामांचा राग जुन्या माणसाचा वाटला तरी त्यात धंद्याचं एक मर्म त्यांनी नेमकं पकडलंय. बिघाड इंजिनात नाही, तो दर्शनाची हमी देण्यात आहे. ज्या नाववाल्यानं ‘दाखवतोच’ असा शब्द दिला, त्याला प्राणी दूर जाताना दिसला की थांबणं परवडत नाही. गिऱ्हाइकाचं समाधान आणि जनावराचं सुख यांत त्यानं आधीच एकाची बाजू घेतलेली असते. डॉल्फिनच्या सहलींवर टीका करणारे सहसा आवाज, प्रदूषण, गर्दी यांवर बोट ठेवतात. ते सगळं खरंच, पण त्या सगळ्याची सुरुवात बोट सुटण्याआधी, पैसे ठरतानाच झालेली असते.

“मामा, घाटावर बसून जे दिसतं ते घाटाचंच पाखरू,” भाची म्हणते. “समुद्रात असे पक्षी आहेत जे जमिनीला पाय लावतात ते फक्त अंडी घालायला, आणि तीही आपल्या जमिनीवर नव्हे. तुम्ही मालवणच्या किनाऱ्यावर जन्मभर दुर्बीण लावून बसलात तरी ते दिसायचे नाहीत. दिसलेच तर पावसाळ्यात वादळानं वाळूवर फेकलेले, अर्धमेले. म्हणजे आपली त्यांची ओळख ती रुग्ण म्हणून नाहीतर मढं म्हणून. जिवंत, कामात असलेलं पाखरू बघायचं तर तिकडे गेल्याशिवाय गत्यंतर नाही.”

इथे भाचीच्या बाजूनं भक्कम पुरावा आहे. विल्सनचं वादळी पाखरू घ्या. वजन चाळीसेक ग्रॅम, चिमणीहून थोडं अधिक. ते अंटार्क्टिका आणि त्याभोवतीच्या बेटांवर अंडी घालतं, तिकडचा हिवाळा सुरू झाला की विषुववृत्त ओलांडून उत्तरेला येतं आणि आपल्या पावसाळ्याच्या महिन्यांत अरबी समुद्रावर असतं. लाटेवर उतरता उतरता ते पंख उचलून धरतं आणि पाय पाण्यावर आपटत चालल्यासारखं करतं. बोटांमधला पडदा पिवळा असतो, पण तो दिसायला पक्षी अगदी जवळ यावा लागतो. चोचीवर नळीसारख्या नाकपुड्या असतात आणि वासावर ते कित्येक किलोमीटरवरून खाद्याचा माग काढतं. उत्तर ध्रुवाकडे अंडी घालणारा लाल मानेचा फॅलारोप हिवाळा अरबी समुद्रात काढतो. पाण्यावर भिंगरीसारखा गरगरत तो खालचे बारीक जीव वर ओढून आणतो. स्कुआ तर उघड पुंड. सुरयाच्या, म्हणजे टर्नच्या, मागे लागून त्याला इतका पिटाळतो की सुरय चोचीतला मासा टाकतो, आणि हा तो हवेतच झेलतो. शिअरवॉटर लाटांच्या खोबणीतून पंख न हलवता जातात. हे सगळं महाराष्ट्राच्या किनाऱ्यासमोर घडतं आणि महाराष्ट्रातल्या बहुतेकांच्या गावी नसतं.

गावी नसण्याची किंमत आहे. भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा 2023 चा अहवाल 942 जातींचा आढावा घेतो, पण दीर्घकाळात संख्या वाढली की घटली हे त्यातल्या 338 जातींबद्दलच सांगता आलं. हा अहवाल हजारो हौशी निरीक्षकांनी ई-बर्ड या संकेतस्थळावर टाकलेल्या याद्यांवर उभा आहे. शेतात, तळ्यावर, घराच्या गच्चीत माणसं मोजतात म्हणून तिथले आकडे आहेत. किनाऱ्यापासून वीस-तीस किलोमीटर आत कोण मोजणार? भरीस भर म्हणजे जून-जुलैत पश्चिम किनाऱ्यावर मासेमारी बंद, पावसाळ्यात पर्यटकांच्या बोटी बंद, आणि समुद्री पाहुण्यांचा मोठा भाग नेमका तेव्हा येतो. आपल्याला समुद्रपक्षी कमी होताना दिसत नाहीत याचं कारण ते कमी होत नाहीत हे असेल, किंवा आपण तिथे नसतो हे असेल. दोन्ही गोष्टी कागदावर सारख्याच दिसतात.

मामा यावर हार मानत नाहीत. “मोजायचंय ना, मग शास्त्रज्ञांना जाऊ दे. हौशी लोकांचं वऱ्हाड कशाला? अर्धे तर उलट्या करत आडवे पडणार.” भाची हसते. “पडतात. पण मामा, शास्त्रज्ञाला रोज बोट कोण देणार? आठ-दहा जण मिळून डिझेलचा खर्च वाटून घेतात म्हणून ती बोट निघते. त्यातला एक जरी जाणता असला आणि बाकीच्यांना कामाला लावलं, एकानं वेळ लिहायची, एकानं जागा टिपायची, एकानं डाव्या बाजूचे मोजायचे, की वऱ्हाडाची मोजणी होते.”

हे उत्तर अर्धंच बरोबर आहे, आणि उरलेलं अर्धं पूर्ण करायला एक अट लागते. मोजणी म्हणजे दिसलेल्याची जंत्री नव्हे. चार तास फिरलो, अमुक ते अमुक टापूत गेलो आणि एकही वादळी पाखरू दिसलं नाही, ही नोंद तितक्याच मोलाची. किंबहुना पुढच्या अभ्यासकाला तीच जास्त उपयोगी, कारण पाखरू दिसल्याच्या बातम्या सगळेच देतात. जो बोटवाला दर्शनाची हमी विकतो त्याच्या वहीत शून्य लिहिलं जाणार नाही. शून्य म्हणजे त्याच्या गल्ल्याला खड्डा. म्हणजे मामांनी डॉल्फिनवरून काढलेली खोट इथेही लागू पडते. ती काढायची तर तिकीट समुद्राच्या फेरीचं असलं पाहिजे, पक्ष्याचं नव्हे. हे आधी सांगून पैसे घेणाऱ्याला गिऱ्हाईक कमी मिळेल, हे मान्य. मिळेल ते टिकेल.

इथवर भाचीची सरशी. पण बोट निवतीच्या दिशेनं वळली की पारडं फिरतं.

वेंगुर्ल्याच्या वायव्येला, निवतीसमोर समुद्रात काही मैल आत खडकाळ बेटांचा एक पुंजका आहे. इंग्रजी नकाशांत ती ‘बर्न्ट आयलंड्स’ किंवा ‘वेंगुर्ला रॉक्स’. किनाऱ्यावरचे लोक निवती रॉक म्हणतात, आणि तिथलं दीपगृह पर्यटकांच्या फोटोंमुळे आता सगळ्यांना ठाऊक आहे. पक्षीअभ्यासकांना हा खडक फार आधीपासून माहीत होता. ॲलन ह्यूम, तोच पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारा, 1875 मध्ये लक्षद्वीप आणि पश्चिम किनाऱ्याच्या दौऱ्यावर निघाला आणि त्या प्रवासातली पक्ष्यांची टिपणं त्यानं आपल्या ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात छापली. 1940 च्या आसपास हुमायून अब्दुलअलींनी या खडकांवरच्या सुरयांवर आणि पाकोळ्यांवर मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लिहिलं. पश्चिम किनाऱ्यावर समुद्रपक्ष्यांची वीण होते अशा हाताच्या बोटांवर मोजण्याजोग्या जागांपैकी ही एक. लगामी सुरय इथे कपारींच्या आडोशाला अंडं घालतो, एका हंगामात एकच. उन्हाळ्याच्या सुट्ट्या आणि हा हंगाम एकमेकांवर चढतात.

अंडं एक, खडक तापलेला. अशा खडकावर सुरय बसतो ते उबवायला कमी आणि सावली धरायला जास्त. काही जातींचे सुरय समुद्रात पोट भिजवून येतात आणि ओल्या पिसांनी अंड्याला गारवा देतात. आता बोट जवळ येते. आधी एक सुरय उठतो, मग शेजारचे, मग अख्खा खडक उठल्यासारखा थवा वर जातो आणि डोक्यावर घिरट्या घालत ओरडतो. नावेत आनंदाची लाट उसळते, कॅमेरे खडखडतात, कारण उडालेला थवा म्हणजे पैसे वसूल. खाली दुपारच्या उन्हात अंडी उघडी पडलेली असतात; ती तापून निकामी व्हायला फार वेळ लागत नाही. कावळा, घार किंवा काकण, म्हणजे आपला पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड, अशा संधीवर टपलेलाच असतो. सहलीतला सर्वांत देखणा क्षण आणि सर्वांत घातक क्षण इथे एकच असतो. त्याहून वाईट म्हणजे कुणी मुद्दाम वाईट वागलेलं नसतं. पक्ष्यांवर प्रेम असणारी माणसंच नेमकं हे करतात.

मामा नेमके यावर बोट ठेवतात. “बघ, तुझं ते वादळी पाखरू कंटाळलं तर उडून जाईल, त्याला अख्खा समुद्र मोकळा. या सुरयानं जायचं कुठं? अंडं बगलेत मारून पळणार का?” माझ्या मते या सगळ्या वादातला मुद्दा हाच आहे, आणि तो मामांच्या तोंडी सहज आला. प्रश्न बोट असावी की नसावी हा नाही. समोरच्या पाखराला निघून जायची मोकळीक आहे की नाही हा आहे. खोल समुद्रात शिअरवॉटर बोटीकडे येतो तो त्याच्या मर्जीनं, आणि नकोसं झालं की लाटेपलीकडे जातो. त्याचं नुकसान झालंच तर पंखांच्या चार फटक्यांचं. विणीवर बसलेल्या सुरयाला ही मोकळीक निसर्गानंच ठेवलेली नाही. तो उडाला तरी गेलेला नसतो. अंतर किती मीटर ठेवावं, एका वेळी बोटी किती असाव्यात, यावर नियमावल्या करता येतात आणि कराव्यात. पण त्या सगळ्यांच्या आधी ही विभागणी हवी. खुल्या पाण्यात बोट जाऊ द्यावी, विणीच्या खडकाला तिनं हंगामात दुरूनच ओलांडावं आणि पाय तर अजिबात ठेवू नये.

भाचीचा यावरचा आक्षेप हलका नाही. “मामा, तिथं कुणी गेलंच नाही म्हणून काय झालं ते तुम्हाला माहीत आहे का? त्याच खडकांच्या गुहेत पाकोळ्या आहेत. त्यांची घरटी चोरीला जायची.” हेही खरं. या पाकोळ्या गुहेच्या भिंतीला लाळेनं वाटीएवढं घरटं चिकटवतात. आत मिट्ट काळोख असतो. त्यातून त्या ‘टिक-टिक’ आवाज काढत, त्याच्या प्रतिध्वनीवर वाट काढत उडतात. लाळेच्या घरट्यांचं सूप चीन आणि आग्नेय आशियात भारी किमतीला विकलं जातं. आपल्याकडच्या जातीच्या घरट्यात पिसं आणि काड्या मिसळलेल्या असतात, माल हलका ठरतो, तरी चोराला तो पुरतो. घरटं काढून नेलं की पाकोळी पुन्हा लाळ गाळून नवं करते, तेही नेलं तर आणखी एक, आणि हंगाम अंड्याविना सरतो. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेची माणसं खडकावर गेली, त्यांनी पाकोळ्यांची पाहणी केली, घरटी काढण्याचा प्रकार उजेडात आणला आणि वन खात्याला सोबत घेऊन बंदोबस्ताला लागली. कुणाचीच नजर नसलेलं बेट सुरक्षित नसतं. ते चोराला आंदण दिलेलं असतं.

मामांचं उत्तर मला आवडतं. “म्हणजे पहारा हवा. पहाऱ्याला दोन माणसं लागतात, वऱ्हाड लागत नाही.” पहारेकरी हंगामात मोजक्या फेऱ्या मारतो, गुहेच्या तोंडाशी बसून आत-बाहेर करणाऱ्या पाकोळ्या मोजतो, बॅटरी आत मारत नाही आणि पोटासाठी त्याला दर फेरीला नवा थवा उठवून दाखवावा लागत नाही. पर्यटकांमुळे नजर राहते हा युक्तिवाद दर वेळी केला जातो. पण पर्यटकाची नजर फेब्रुवारीत काळोख्या गुहेच्या तोंडावर नसते, ती मे महिन्यात दीपगृहापाशी सेल्फीवर असते. पहाऱ्याचा खर्च खुल्या समुद्रातल्या सहलींच्या तिकिटातून निघावा, असं भाची म्हणाली तर तिला कुणी अडवू नये. त्या पैशांसाठी खडक विकायला मात्र काढू नये.

उतरणं बंद केलं तर सहलच संपेल, अशी भीती बोटवाल्यांना वाटते. तिला उत्तर द्यायला इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरची फार्न बेटं आहेत. तिथे पफिन, सुरय, समुद्रकावळे बघायला पिढ्यान्‌पिढ्या बोटी जातात आणि माणसं बेटावर उतरतात. 2022 च्या उन्हाळ्यात बर्ड फ्लूनं पाखरं मरू लागली तेव्हा बेटांची मालकी असलेल्या नॅशनल ट्रस्टनं उतरणं बंद केलं. बोटी बंद झाल्या नाहीत. त्या बेटांना वळसा घालून माणसांना पाण्यावरूनच पक्षी दाखवत राहिल्या. 2024 मध्ये एका बेटावर उतरायला पुन्हा परवानगी मिळाली. फार्न आणि निवती यांत फरक पुष्कळ आहेत. तिथे कठडे आहेत, रखवालदार आहेत आणि शतकभराची शिस्त आहे. त्यातलं काहीच नसताना आपण मोकळीक मात्र त्यांच्याहून जास्त घेतो.

निवतीच्या बाबतीत हे आज ना उद्या ठरवावंच लागेल. नौदलातून निवृत्त झालेली ‘गुलदार’ ही नौका निवती रॉकजवळच्या समुद्रतळाशी ठेवून पाण्याखालचं संग्रहालय करायचा राज्याचा प्रकल्प आहे. 2025 मध्ये नौदलानं ती पर्यटन महामंडळाच्या ताब्यात दिली. पाण्याखाली काय होईल यावर चर्चा पुष्कळ झाली. पाण्यावर, खडकाभोवती बोटींची वर्दळ वाढेल तेव्हा सुरयांचं काय, हा प्रश्न त्या मानानं कुणी विचारताना दिसत नाही. जहाजाला माणसं बघायला येणार, त्यांना जाता-येता खडक दिसणार, आणि ‘जरा जवळून घ्या ना’ ही फर्माईश तांडेलाला, म्हणजे बोट हाकणाऱ्याला, रोज ऐकावी लागणार.

मग सगळं बंद करायचा फतवा काढावा का? मामांचा कल तिकडेच. पण मालवणचा अनुभव त्यांनी ऐकायला हवा. 1987 मध्ये मालवणसमोरचं 29.12 चौरस किलोमीटर पाणी सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झालं. तिथे पिढीजात मासेमारी करणाऱ्यांचा त्याला विरोध राहिला, कारण रेघ आखताना त्यांना कुणी धरलंच नव्हतं. समुद्रात कुंपण घालता येत नाही. तिथली रेघ तांडेलाच्या मनात असेल तरच असते. आणि तांडेलाला पाखरं आपल्यापेक्षा जास्त कळतात. सुरयांचा घोळका पाण्यावर कुठे बसतोय, वर कुठे फिरतोय, यावरून तारली किंवा बांगड्याचा थवा ओळखणं हा त्याच्या पोटाचा भाग आहे. अशा माणसाला दुर्बीण आणि वही दिली तर तो कुणाही शहरी गाइडपेक्षा चांगला निरीक्षक होईल. कासवांच्या बाबतीत वेळासला गावकऱ्यांनी हे करून दाखवलंय. अंडी राखायची, पिलं सोडायची वेळ सांगायची, पाहुण्यांना घरी जेवायला घालायचं, आणि वाळूत कुठून चालायचं हे गावानं ठरवायचं. तिथे पाहुणा गावाच्या शिस्तीत वागतो, गाव पाहुण्याच्या फर्माइशीत नाही.

बोट चांगली चालवता येते याचा दाखला हवा तर मुंबईच्या कुशीतच आहे. ठाणे खाडीचा फ्लेमिंगोंचा भाग 2015 मध्ये अभयारण्य झाला, 2022 मध्ये पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेला, आणि ऐरोलीच्या केंद्रातून वन खात्याच्या कांदळवन विभागाच्या बोटी माणसांना घेऊन निघतात. फ्लेमिंगो हे काही समुद्रपक्षी नव्हेत, आणि तिथे ते विणीसाठी येत नाहीत, खायला येतात. म्हणून ते माझ्या कसोटीत बसतात: नको झालं तर उठून खाडीच्या पलीकडे जाता येतं. शिवाय सुटायची वेळ तिथे गिऱ्हाईक ठरवत नाही. बोटीला पाणी लागतं आणि फ्लेमिंगोला चिखल, त्यामुळे वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून, रोज वेगळी ठरते. सकाळी अकरालाच हवं म्हणणाऱ्याला खाडी नाही म्हणते. समुद्रावरच्या सहलीत शिकण्यासारखं पहिलं काही असेल तर ते हेच, आणि ते कुठल्याही माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं.

मामांच्या भात्यात एक शेवटचा बाण आहे आणि तो जिव्हारी लागतो. “तुम्ही लोक खोल समुद्रात माशाचं तेल नि कालवण ओतता म्हणे, पाखरं जवळ यावीत म्हणून. मग आमची शेव तेवढी वाईट आणि तुमचं तेल चांगलं?” भाची जरा गडबडते. जगभर अशा सहलींत माशाचे तुकडे आणि तेल टाकायची रीत आहे. वादळी पाखरं आणि शिअरवॉटर वासावर येतात. “शेव हे त्यांचं खाणं नाही मामा, मासा आहे,” असं ती म्हणते. ते खरं असलं तरी पुरेसं नाही. आमिष लावलं की पाखराची मर्जी निखळ राहत नाही. ते आलं म्हणजे राजी झालं, असं म्हणायची सोय उरत नाही. माझ्या हिशेबात खारवलेली, तळलेली बेसनाची शेव नि माशाचं तेल यांत दर्जाचा फरक आहे, जातीचा नाही. शिवाय आपल्या समुद्रात तेल ओतायची गरजही नाही. ट्रॉलर जाळं ओढून टाकाऊ मासळी फेकतो तेव्हा त्याच्या मागे कुरव, सुरय आणि त्यांच्यावर टपलेले स्कुआ असतातच. ती मेजवानी आधीच मांडलेली आहे. सहलीच्या बोटीनं अंतर राखून मागून जावं आणि पाहावं. आपल्या हातानं पात्र वाढण्याचा मोह तेवढा आवरावा लागेल, आणि फोटोत पक्षी थोडा लहान येईल.

उरतो ग्वारीघाट. भाची जबलपूरला आली तर मामा तिला नावेत नेणारच, आणि नाववाला पाकीट पुढे करणारच. तिथला कुरव विणीवर नाही, नदी मोकळी आहे, हवं तेव्हा तो उडून बरगीच्या जलाशयाकडे जाऊ शकतो. कसोटीचा एक भाग तो पार करतो. आमिषाचा दुसरा भाग अडतो. दोघांनी पाकीट न फोडता बसायचं, नाववाल्याला त्याचे ठरलेले पैसे आधीच द्यायचे आणि मध्यावर वल्हं थांबवायला सांगायचं. पहिली पाच मिनिटं कुरव ओरडत डोक्यावरून फिरतील, कारण त्यांना नाव म्हणजे शेव एवढंच ठाऊक आहे. मग बरेचसे जातील. उरतील त्यांतला एखादा पाण्यावर उतरेल, मान वळवेल, आणि तेव्हा त्याचा डोळा फिकट आहे की गडद ते मामांना दिसेल.